नववा माणूस

एकोणीस दिवसांनी पाऊस थांबला तो गुरुवारी सकाळी, आणि गुरुवारी दुपारीच एडविन आयव्हसननं मैदानाच्या वरच्या अंगाचं कुरण कापून टाकलं. घराजवळच्या दोन कुरणांचं गवत जुलैतच कोरडं घरात आलं होतं. हे तिसरं सगळ्यांत मोठं, शेतघरापासून थेट गावच्या क्रिकेटच्या मैदानापर्यंत उतरत गेलेलं. ऑगस्ट संपत आला होता. गवत पावसानं झोपलं होतं, बुडाशी पिवळं पडलं होतं. आणखी आठवडा गेला असता तर मेंढ्यांनीही ते हुंगून सोडलं असतं.

शुक्रवारी ऊन पडलं. एडविन आणि त्याची बायको एनिड दोघांनी मिळून गवत दोनदा उलटवलं. तो ट्रॅक्टरवर, ती मागून दाताळं घेऊन दगडी गडग्याच्या कडेचं ओढत. संध्याकाळी दोघं स्वयंपाकघरात येऊन बूट काढतात न काढतात तोच फोन वाजला. पोस्टमन क्लाइव्ह होता. क्रिकेट क्लबचा सेक्रेटरीही तोच; कप्तान एडविन.

"एडविन, डेनिसचं बोट फाटकात सापडलंय. बांधून आलाय, पण उद्या खेळणं नाही."

"मग किती राहिलो?"

"आठ."

लीगचा नियम सगळ्यांना पाठ होता. नऊपेक्षा कमी माणसं आली तर सामना सोडून दिला असं धरतात, आणि एका मोसमात तीन सामने सोडले की त्या गावाचं नाव लीगमधून कापतात. त्यांच्या स्केलगार्थनं दोन सोडले होते, दोन्ही गवताच्या दिवसांत. उद्याचा थॉर्नबेकविरुद्धचा मोसमातला शेवटचा.

"पाद्रीबुवांना विचारलंस?"

"लग्न लावायचंय त्यांना. शाळेच्या मास्तरांना विचारलं, ते सुट्टीवर. लोहाराच्या जावयाला विचारलं, तो म्हणाला मला फुटबॉल आवडतो."

एडविननं फोन ठेवला. कोपऱ्यातल्या खुर्चीत त्याचे वडील एमॉस बसले होते. वय एक्याऐंशी, गुडघ्यावर मांजर. सगळं ऐकूनही ते मांजराकडंच बघत राहिले. बटाट्यांवरचं पाणी निथळत एनिड म्हणाली, "नॉर्मन आहे की."

"कोण नॉर्मन?"

"गावात दहा नॉर्मन आहेत का?"

एडविननं खुर्ची ओढली ती जरा जोरातच. नॉर्मन टेनंटचं शेत त्यांच्या शेताला लागून. बावीस वर्षं तो क्लबचा विकेटकीपर होता. पाच वर्षांपूर्वी हिवाळ्यात दोघांच्या मधला गडगा बर्फानं कोसळला. तो कुणी रचायचा यावरून बोलाचाली झाली, आणि कुणीच रचला नाही. पुढच्या शरदात नॉर्मनचा मेंढा त्या खिंडारातून एडविनच्या मेंढ्यांत शिरला, महिनाभर आधीच. मग कोकरंही महिनाभर आधी आली, मार्चच्या बर्फात. चौदा मेली. त्या रागात एडविननं दोन मेलेली कोकरं उचलली आणि पहाटे नॉर्मनच्या फाटकाशी नेऊन ठेवली. तेव्हापासून बोलणं बंद. नॉर्मन मैदानावर यायचाही बंद झाला.

"मी नाही जाणार," एडविन म्हणाला.

"बरं. मग मी जाते." एनिडनं एप्रनची गाठ सोडली.

"तू कशाला?"

"क्लब माझाही आहे. सोळा वर्षं धावा लिहितेय मी, आणि केक भाजतेय ते वेगळंच."

एमॉस मांजराला म्हणाले, "बटाटे गार होतात बघ."

एडविननं काढलेले बूट पुन्हा घातले.

नॉर्मनच्या अंगणात उजेड अजून बराच होता. नॉर्मन एका मेंढीला पार्श्वभागावर बसवून तिची पाठ आपल्या मांड्यांत दाबून धरत होता आणि चाकूनं तिचे खूर तासत होता. फाटक वाजलं तसं त्यानं वर बघितलं, मग पुन्हा खुराकडं. एडविन टोपी हातात धरून उभा राहिला. नॉर्मनचा कुत्रा येऊन त्याच्या बुटांचा वास घेऊन गेला.

एक खूर झाला. दुसरा झाला. एडविन उभाच.

"उद्या सामना आहे," शेवटी तो म्हणाला.

"असेल."

"आठच माणसं आहेत."

"आठ?" नॉर्मननं चाकू पॅंटला पुसला. "माझ्या वेळी तेरा असायची. दोघांना घरी पाठवावं लागायचं."

मेंढीनं अंग झटकलं. नॉर्मनच्या मांडीतून ती निसटायला लागली. एडविननं टोपी टाकली आणि तिचे पुढचे पाय धरले. नॉर्मननं नको म्हटलं नाही. तो तिसऱ्या खुराकडं वळला. दोघांची डोकी इतकी जवळ आली की एडविनला त्याच्या कोटाचा लोकरीचा आणि तंबाखूचा वास आला.

"एनिडनं पाठवलं?"

"हो."

"वाटलंच." खुराचा एक कुजका तुकडा उडून एडविनच्या बाहीवर पडला. "ती कोकरं माझ्या आधी आयरीननं बघितली. दूधवाला आला म्हणून ती फाटकाशी गेली होती. दवाखान्यातून येऊन चारच दिवस झाले होते तिला."

नॉर्मनची बायको आयरीन जाऊन आता दोन वर्षं झाली होती. तिच्या अंत्यविधीला एडविन चर्चच्या शेवटच्या बाकापाशी उभा राहिला होता आणि सगळ्यांच्या आधी निघून आला होता.

"मला ठाऊक नव्हतं," तो म्हणाला. "तशी ती ठेवायला नको होती, नॉर्मन."

"नको होती."

चौथा खूर झाला. नॉर्मननं मेंढीला सोडलं. ती अडखळत उठली आणि कळपात घुसली. कमरेवर हात ठेवून, कण्हत नॉर्मन सरळ झाला.

"किती वाजता?"

"दीडला."

"ग्लोव्हज उंदरांनी खाल्लेत माझे."

"क्लबचे आहेत."

"ते लहान मुलांचे असतात," नॉर्मन म्हणाला आणि पुढची मेंढी पकडायला गेला.

शनिवारी सकाळी धारा काढून झाल्यावर एडविन कुरणात गेला. गवताची मूठ पिळून बघितली, नाकाशी नेली. वरून खडखडीत, पण खाली अजून ओल. दोन वाजायच्या आत गठ्ठे बांधण्यात अर्थ नव्हता. आणि रेडिओवर सांगत होते, संध्याकाळपासून पाऊस, पुढं पाच दिवस.

तो घरी आला आणि टेबलाशी बसून राहिला. एनिड काकडीच्या सँडविचची चळत ओल्या फडक्याखाली ठेवत होती.

"सामना सोडायला लागणार," तो म्हणाला.

"कशाला? मी बांधते गठ्ठे."

"ते यंत्र तुला जमायचं नाही."

"तू कधी हात लावू दिलास का, जमतं की नाही बघायला?"

"सुतळी अडकते त्यात. दर वीस गठ्ठ्यांनी अडकते. गाठ मारायच्या त्या आकड्यात बोट गेलं तर..."

"डेनिसचं बोट यंत्रात गेलं होतं का? फाटकात गेलं. मग काय, फाटकं उघडायची बंद करू?" तिनं हात पुसले. "धावांची वही बाबा लिहितील. चहाचं सगळं टोपल्यांत भरलंय, फक्त किटली चढवायची. तू जा."

"बाबांना बॉल दिसत नाही."

"मला ऐकू येतो," कोपऱ्यातून एमॉस म्हणाले.

थॉर्नबेकची माणसं तीन गाड्यांतून आली, अकराच्या अकरा, इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत. थॉर्नबेक बाजाराचं गाव. तिथं बॅंक, दवाखाना, दुकानं. त्यांचा कप्तान डेस्मंड लँग चष्म्याचं दुकान चालवायचा. स्केलगार्थची माणसं मोजून तो एडविनला म्हणाला, "नऊच? आमची दोघं उसनी देऊ का, क्षेत्ररक्षणाला?"

तो चांगल्या मनानंच म्हणाला असावा. पण त्याच्यामागं कुणीतरी हसलं, आणि एडविनच्या कानांच्या पाळ्या तापल्या.

"नको," मागून आवाज आला. नॉर्मन होता. पॅंट पिवळी पडलेली, पोटाशी बटण लागत नव्हतं म्हणून सुतळीनं बांधलेली. "उसनं घेतलेलं परत करायला लागतं."

तो एडविनकडं न बघता विकेटमागं जाऊन उकिडवा बसला. गुडघे कडाडले ते पहिल्या स्लिपपर्यंत ऐकू गेले.

थॉर्नबेकनं आधी फलंदाजी घेतली. नऊ माणसांत मैदान भरत नव्हतं. बॉल नेमका जिथं कुणी नाही तिथं जायचा, आणि पन्नाशीचा क्लाइव्ह टपाल वाटायच्या चालीनं त्याच्यामागं जायचा. दोन बाद सत्तर झाल्यावर एडविननं बॉल स्वतः घेतला. डाव्या हातानं, हळू, चार पावलं टाकून तो बॉल उंच सोडायचा. वेगळं काही नव्हतं त्यात. पण खेळपट्टी अजून आत ओली होती आणि बॉल तिच्यावर पडून जरा थांबायचा.

डेस्मंड लँग पुढं सरसावला, त्याची बॅट हवेतच फिरली, आणि तो वळून बघेपर्यंत नॉर्मननं यष्ट्या उडवल्या होत्या. अपील केलं ते नुसतं 'हं?' एवढंच. अंपायरनं बोट वर केलं.

एडविन खेळपट्टीच्या मध्यापर्यंत धावत आला आणि थबकला. पूर्वी अशा वेळी दोघं एकमेकांच्या पाठीवर थाप मारायचे. नॉर्मन वाकून यष्टी ठोकत होता. एडविननं पॅंटवर बॉल घासला आणि परत फिरला.

बाकावर एमॉसनी पेन्सिल जिभेला लावली. शेजारी थॉर्नबेकची धावा लिहिणारी तरुण मुलगी होती. तिला त्यांनी विचारलं, "काय झालं गं?"

"आमचे कप्तान गेले. यष्टिचीत."

"टेनंट, आयव्हसन," एमॉस पुटपुटले आणि ते मोठ्या, थरथरत्या अक्षरांत लिहिलं. लिहिलेलं एकदा डोळ्यांजवळ नेऊन बघितलं. "जुन्या वह्यांत हे पानोपानी आहे."

अशा आणखी तीन विकेट पडल्या, बाकीचे झेल देऊन गेले. थॉर्नबेक एकशे चोवीस सर्व बाद.

चहाला सगळे मंडपात शिरले, पण एडविन कप घेऊन बाहेरच थांबला. वर कुरणात ट्रॅक्टर निघाला होता. लाल ठिपका गडग्याच्या कडेनं हळूहळू सरकत होता. त्याच्यामागं यंत्र गवताची ओळ गिळत होतं आणि गठ्ठा बाहेर टाकत होतं. टाकला. पुढचा. त्याच्याही पुढचा. एडविन मोजायला लागला. वीस झाले, बावीस झाले, ट्रॅक्टर थांबला नाही. त्याला बरं वाटायला हवं होतं. बरं वाटलंही, पण कुठंतरी जरा टोचलंच.

पश्चिमेला डोंगरावर ढगांची कड उभी राहत होती.

स्केलगार्थची फलंदाजी नेहमीसारखी सुरू झाली, म्हणजे वाईट. तिघं पंचवीसमध्ये परत. मग क्लाइव्हनं आणि गावच्या गवंड्यानं धीर धरला, कधी बॅटनं, कधी पायानं, एकदा क्लाइव्हनं छातीनं. एडविन सातव्या नंबरावर गेला. त्याचं खेळणं त्याच्या गडगा रचण्यासारखंच, एकेक दगड बघून. एकशे तीनवर सातवा गडी बाद झाला. नऊच माणसं, म्हणजे आठवा गेला की डाव संपला. बावीस हव्या होत्या, आणि मंडपातून नॉर्मन टेनंट बॅट काखेत धरून चालत येत होता.

तो एडविनच्या जवळून गेला. दोघंही काही बोलले नाहीत.

पहिल्याच बॉलला नॉर्मननं बॅट लावली आणि पळाला. एडविन जागेवर. मग एडविन निघाला, तर नॉर्मन थांबला. मग दोघंही निघाले आणि मध्यावर एकमेकांच्या खांद्यावर आपटले. थॉर्नबेकच्या माणसानं घाईत बॉल यष्ट्यांवरून उंच फेकला, तो सीमेपार गेला, आणि पाच धावा झाल्या.

"तोंड शिवलंय का तुझं?" नॉर्मन ओरडला. चार वर्षांत पहिल्यांदा त्याच्याकडं सरळ बघत.

"बॅट तुझी होती! तू बोलायचं!"

"मी बोलायचं? कप्तान कोण आहे?"

"सद्गृहस्थहो," अंपायर म्हणाला. तो हसू दाबत होता. "खेळायचं का?"

त्यानंतर ते बोलायला लागले. 'हो', 'नको', 'थांब', 'पळ, गाढवा'. एकेक करत आणखी दहा धावा झाल्या. सात हव्या होत्या तेव्हा एडविननं बॉल खेळायला बॅट टेकवली आणि त्याची नजर वर गेली. ट्रॅक्टर उभा होता. कुरणाच्या मधोमध, आणि एनिड कुठंच दिसत नव्हती.

त्यानं हात वर करून गोलंदाजाला थांबवलं. समोरून नॉर्मन चालत आला.

"काय?"

"थांबलाय ट्रॅक्टर. ती दिसत नाही."

नॉर्मननं डोळ्यांवर हात धरून बघितलं. "यंत्राखाली आहे. पाय दिसतायत."

"नॉर्मन..."

"हलतायत पाय. शिव्या घालत असणार." तो वळला. मग परत आला. "यंत्राला हात लावू नको म्हणून सांगितलं असशील."

"हो."

"मग सुतळी सोडवल्याशिवाय ती बाहेर यायची नाही. तू बॉलकडं बघ."

एडविननं दोन बॉल नुसते अडवले. तिसऱ्या बॉलच्या आधी वरून इंजिनाचा आवाज आला. त्यानं त्या दिशेला बघितलं नाही. पुढं येऊन त्यानं बॉल गोलंदाजाच्या डोक्यावरून मारला. मोसमातला त्याचा पहिलाच असा फटका. चौकार. बाकावर एमॉसनी शेजारच्या मुलीला विचारलं, "हा कुणी मारला?" तिनं सांगितलं. "चुकून लागला असेल," ते म्हणाले आणि चार हा आकडा नेहमीपेक्षा मोठा काढला.

बरोबरीला दोन, जिंकायला तीन. ढग आता डोंगर उतरत होता. त्या ओव्हरचे उरलेले बॉल बिनधावेचे गेले. पुढच्या ओव्हरला नॉर्मननं बॉल उजवीकडं दूर टोलवला, जिथं गवत उंच होतं आणि तिथला गडी मंडपाकडं बघत उभा होता. "पळ!" दोघं पळाले. एक. वळले. नॉर्मनची सुतळी सुटली, तो एका हातानं पॅंट धरून पळत होता. दोन. बरोबरी झाली.

"हो!" कुणीतरी म्हणालं.

"थांब!" कुणीतरी म्हणालं.

एडविन निघाला होता. अर्ध्यावर त्याचा उजवा गुडघा त्याच्याआधी थांबला. तो आडवा झाला, बॅट पुढं ताणून, हनुवटी मातीत. यष्ट्या पडल्याचा आवाज आला आणि तो कुठं आहे हे त्याला बघावंच लागलं नाही. रेघ दोन हात पुढं होती.

एकशे चोवीस आणि एकशे चोवीस. कुणीच हरलं नव्हतं. नावही कापलं जाणार नव्हतं.

"हो म्हणालास तू!" त्याला हाताला धरून उठवत नॉर्मन म्हणाला.

"तू म्हणालास हो! मी थांब म्हणालो."

"थांब म्हणणारा माणूस आधी पळतो का?"

डेस्मंड लँग हात मिळवायला पुढं आला होता, त्याला दोघांनी एकेक हात दिला आणि भांडण चालूच ठेवलं.

पॅड न सोडताच एडविन फाटकातून वर कुरणात निघाला. एनिड शेवटच्या गठ्ठ्यावर बसली होती. बोटांची सालं निघालेली, मनगटापर्यंत ग्रीस, केसांत गवत. सगळं कुरण गठ्ठ्यांनी भरलं होतं, सरळ ओळींत.

"हरलात?"

"नाही."

"जिंकलात?"

"नाही."

ती हसली. "तीन तास खेळून?"

तिच्या बोटांकडं बघत तो तिच्या शेजारी टेकला. गठ्ठ्यावर हात दाबून बघितला. घट्ट होता. "एकदाच थांबलीस."

"एकदाच. ती स्प्रिंग तू फार आवळून ठेवतोस. अर्धा फेरा सैल केली, मग अडकली नाही."

एडविननं यंत्राकडं बघितलं. मग म्हणाला, "अर्धा?"

"अर्धाच."

खालून माणसं वर येत होती. पुढं पॅंट धरून नॉर्मन, मागं क्लाइव्ह, गवंडी, आणि त्यांच्यामागं पांढऱ्याशुभ्र कपड्यांतले थॉर्नबेकचे पाच जण. डेस्मंड लँग चष्मा पुसत म्हणाला, "मिसेस आयव्हसन, पाऊस येतोय. आम्ही उपयोगी पडू का?"

एडविननं एनिडकडं बघितलं. एनिड उठली. "पडाल की. पण सुतळीला धरून उचला, गवताला नको. आणि तो चष्मा खिशात ठेवा."

दुकानदारांना गठ्ठा कसा फेकायचा ते ठाऊक नव्हतं. ते तो लहान मूल उचलल्यासारखा छातीशी धरून आणायचे आणि ट्रेलरवर उभा नॉर्मन त्यांना शिव्या देत तो वर ओढायचा. पांढऱ्या कपड्यांवर हिरवे डाग पडले. कुणाची तरी बाही फाटली. चार खेपा झाल्या. पाचवी कोठाराच्या दारात शिरत असताना थेंब आले, मोठे, तिरपे, आणि शेवटचे सहा-सात गठ्ठे वरून ओले झाले. ते एडविननं वेगळे काढून ठेवले.

थॉर्नबेकच्या गाड्या गेल्या. गाई फाटकाशी गोळा होऊन ओरडत होत्या. धारांना अडीच तास उशीर झाला होता.

एनिड बादली घ्यायला गेली तर एडविननं ती तिच्या हातून काढून घेतली. "तू बस."

"सव्वीस गाई आहेत."

"अर्ध्या मी घेतो," नॉर्मन म्हणाला. तो आधीच गोठ्यात शिरला होता.

एनिड स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसली. बूट ओढून काढले, मोजे काढले, पाय अंगणात लांब केले, पावसात. टोपलीत केकचा एक तुकडा उरला होता, चेंबलेला. एमॉसनी धावांची वही तिच्या मांडीवर आणून ठेवली.

"बघ बरं, बरोबर लिहिलंय का."

तिनं ग्रीसची बोटं न लावता, कोपरानं पान उलटलं. आकडे ओळी सोडून वर-खाली गेले होते. पण होते सगळे.

"बरोबर आहे, बाबा."

अंगणापलीकडं गोठ्यात दिवा लागला. दुधाची धार बादलीत वाजायला लागली आणि तिच्यावरून आवाज चढत गेले.

"तू हो म्हणालास!"

"अरे, हो असं मी कधी म्हणतो? मी पळ म्हणतो!"

"मग पळ म्हणालास!"

पाऊस वाढला. उंबऱ्यावरून पाणी आत यायला लागलं. एमॉस म्हणाले, "दार लाव गं, भिजशील."

"राहू दे," एनिड म्हणाली. केकचा तुकडा तोडून अर्धा तिनं त्यांना दिला, आणि दोघं ऐकत बसली.